सुहासचा डावा हात

फोन आला तेव्हा मी इराच्या शाळेच्या पार्किंगमध्ये होते. इरा गाडीतून उतरून आत गेली होती आणि मी मागे वळायला जागा शोधत होते. नंबर ओळखीचा नव्हता, म्हणून पहिल्यांदा घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला. पलीकडे सुहासच्या ऑफिसातली बाई होती. सुहास सकाळच्या मीटिंगला आला नाही, फोन उचलत नाही, म्हणून त्यांनी पोलिसांना त्याच्या घरी पाठवलं होतं. त्याच्या कागदपत्रांमध्ये अडीअडचणीला कळवायची व्यक्ती म्हणून माझं नाव होतं… एवढं बोलून ती थांबली. मी तिला म्हणाले, “हो, मीच मेधा. काय लागलंय त्याला?” तिने पुढचं सांगितलं तरी मी दोनदा तेच विचारलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मी हात वर करून सॉरी म्हटलं, गाडी बाजूला घेतली आणि माझ्या नवऱ्याला, मंदारला फोन लावला. मला त्याला एक वाक्य नीट सांगता येईना. “सुहास गेला” हे दोन शब्द मी कुणाबद्दल तरी वापरते आहे, ते सुहासबद्दल आहेत, हे माझं मलाच ऐकू येत होतं.

झोपेतच हृदय बंद पडलं असं नंतर कळलं. सेहेचाळीस वर्षांचा होता. त्या आधीच्या शनिवारी तो आमच्याकडे दिवाळीच्या उरलेल्या चकल्या न्यायला आला होता, आणि निघताना दारात उभं राहून बूट घालत घालत म्हणाला होता, “चला, आता माझं डिसेंबरचं काम तेवढं राहिलं.” ते काम काय होतं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. कारण ते काम राहून गेलं, आणि ते राहण्यात माझा हात आहे.

आम्ही दोघं टेक्सासमधल्या एकाच विद्यापीठात शिकायला आलो. मी सांगलीची, तो नागपूरचा. आमच्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिला महिनाभर तो “काय करून राहिली?” असं विचारायचा आणि मला हसू यायचं. पुढे त्याचं हे बोलणं इतकं सवयीचं झालं की माझ्या लग्नानंतर मंदारला मी एकदा “ऐकून नाही राहिला का तू?” म्हणाले होते. सुहास वर्षाचे बारा महिने फुल बाह्यांचे शर्ट घालायचा. ऑगस्टमध्ये, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत असतानासुद्धा. मला वाटायचं, असते एकेकाची आवड. मग एकदा आमच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये मशीनमध्ये त्याची चादर अडकली. त्याने बाह्या वर सारल्या, आत हात घातला, आणि मी पहिल्यांदा तो डावा हात पाहिला. दंडापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण. कातडी कुठे ताणून चकचकीत झालेली, कुठे दोरीसारखी वर आलेली, रंग तीनचार वेगवेगळे. मी चटकन दुसरीकडे बघितलं. सुहास चादर ओढत शांतपणे म्हणाला, “बस, माझी आई अशीच करते.”

तो पाच वर्षांचा असताना आई आंघोळीच्या उकळत्या पाण्याचं पातेलं सांडशीत धरून मोरीकडे नेत होती आणि हा पळत येऊन तिच्या पायात आला. एवढंच झालं होतं. कुणाच्याही घरी होऊ शकलं असतं. पण त्यानंतर आईने त्या हाताकडे कधी सरळ बघितलं नाही. मलमपट्टीसुद्धा आत्या करायची. आई त्याला जेवायला वाढायची ती उजव्या बाजूने. कपडे घ्यायची ते फुल बाह्यांचे. अमेरिकेहून तो सुट्टीत गेला की पलंगावर नव्या फुल शर्टांची चळत तयार असायची. तिने कधी त्याची माफी मागितली नाही आणि याने कधी विषय काढला नाही. एकदाच तो मला म्हणाला होता, “हात दुखायचा केव्हाच बंद झाला गं. पण आई माझ्याशी बोलताना कुठे बघावं ते शोधत असते. चाळीस वर्षं होऊन राहिली आता.”

टॅटूचं त्याने काढलं ते तीन वर्षांपूर्वी. आमच्या घरामागच्या अंगणात जेवण चाललं होतं आणि तो अगदी सहज म्हणाला की मी या हातावर गोंदवून घेणार आहे. मी हसले. मला वाटलं, चाळिशीतलं खूळ. मी म्हणाले, “काय काढणार? गणपती?” तर तो खरंच गणपतीपासूनच सुरू झाला होता. गणपती, मग आईचं नाव, मग डोंगर, मग एक मोठा मासा. फोनमध्ये लोकांच्या हातांचे फोटो साठवले होते, इंजिनिअर माणूस असल्यामुळे त्यांची यादीही केली होती. आणि ती यादी घेऊन तो डॅलसमध्ये नोरा नावाच्या एका गोंदणाऱ्या बाईकडे गेला. नोरा साठीची, पांढऱ्या केसांची एक लांब वेणी घालणारी, भाजलेल्या आणि शस्त्रक्रिया झालेल्या कातडीवर काम करण्यात तिची हयात गेलेली. तिने त्याचा फोन बघितलाच नाही. म्हणाली, तो खिशात ठेव आणि हात दाखव.

त्यानंतर नोराने त्याला जे सांगितलं, ते तो मला पुढचा महिनाभर सांगत होता. जुन्या व्रणावर शाई सगळीकडे सारखी धरत नाही. कुठे पसरते, कुठे उडून जाते. गणपतीची सोंड कशी असायला हवी हे बघणाऱ्याला माहीत असतं, अक्षर कसं असायला हवं हेही माहीत असतं, म्हणून तिथे रेघ जराशी हलली की ती चूक दिसते, आणि चूक दिसली की डोळा पुन्हा व्रणाकडेच जातो. पण ज्या चित्रात ओळखण्यासारखं काहीच नाही, त्यात चुकायलाही काही नसतं. म्हणून अमूर्त. नुसत्या रेषा, पट्टे, मोकळ्या जागा. सुहास हे सांगताना इतका खुलला होता… “कोणी म्हणूच शकत नाही ना मेधा, की हे असं पाहिजे होतं आणि तसं झालं.”

पण त्यातलं एक निवडणं सोपं नव्हतं. मला तर वाटायचं, काहीच काढायचं नाही तर त्यात निवडायचं काय? त्याने दीड वर्ष घेतलं. नोराचे नियम होते. ताज्या कामाचे फोटो बघून ठरवायचं नाही, चारपाच वर्षं जुने झालेले टॅटू बघायचे, कारण बारीक नक्षी काळाने एकमेकींत मिसळते आणि रुंद रेघ टिकते. रंग नकोत, व्रणाचे स्वतःचे रंग आहेत तेवढे पुरेत. व्रणाच्या कडेकडेने रेघ मारायची नाही, नाहीतर नकाशात देशाची सीमा काढल्यासारखं होईल. रेघ व्रणावरून निघून चांगल्या कातडीवर गेली पाहिजे, म्हणजे कुठून कुठपर्यंत भाजलंय ते डोळ्याला सापडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदावर आवडलं म्हणून घ्यायचं नाही. ती मार्करने त्याच्या हातावर काढून द्यायची आणि सांगायची, हे घेऊन काही दिवस राहा. हात वर केल्यावर बघ, झोपल्यावर बघ, गाडी चालवताना बघ. तो ते जपून आंघोळ करायचा, पुसट झालं की स्वतः गिरवायचा आणि मला फोटो पाठवायचा. पहिलं चित्र त्याने चार दिवसांत पुसलं, कारण त्यात ज्वाळा दिसायला लागल्या. दुसरं आठ दिवस टिकलं. मग एका सकाळी आरशात त्याला त्यात पाणी दिसलं. ओतलं जाणारं पाणी. तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, “अमूर्त म्हणतात खरं, पण दोन रेघा काढल्या की माणूस त्यात काहीतरी शोधूनच राहतो.”

तिसरं राहिलं. खांद्यावरून तिरके उतरणारे रुंद काळे पट्टे, एकमेकांना न शिवता जाणारे, मध्येच तुटणारे, आणि त्यांच्यामध्ये सोडलेली कातडी. मी फोटो बघून म्हणाले, “काय आहे हे? मला काही कळत नाही.” इरा माझ्या खांद्यावरून बघत होती, ती म्हणाली, “इट डझन्ट हॅव टू बी समथिंग, आई.” सुहासला मी तेच सांगितलं तर म्हणाला, तुझ्या पोरीला जास्त कळतं. खरं होतं ते. मला तो हात लाँड्री रूममध्ये दिसला तेव्हा मी नजर फिरवली, आणि वीस वर्षांनी त्याने तो हात बघण्याजोगा करायचं ठरवलं तेव्हा मी त्याची थट्टा केली. तो एवढं सगळं कोणासाठी करतो आहे हे मला कळलं होतं. तरीही केली.

काम खांद्यापासून सुरू झालं. आधी एक छोटा तुकडा करून बघितला, चार महिने थांबून शाई कशी बसते ते पाहिलं, मग पुढचं. व्रणावर काही ठिकाणी सुई लागल्याचं कळतच नाही आणि काही ठिकाणी डोळ्यांत पाणी येतं, असं तो सांगायचा. मागच्या उन्हाळ्यात कोपरापर्यंत पूर्ण झालं. एके दिवशी तो आमच्याकडे बनियनवर बसला होता. सुहास, आमच्या घरात, बनियनवर! मी दंड बघितला, आणि पहिल्यांदाच मला व्रण शोधावा लागला. तेव्हा तरी मी त्याला चांगलं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “एसी वाढवू का?”

कोपराच्या खालचा भाग ऑक्टोबरमध्ये व्हायचा होता. मधे दोन वर्षं त्याचं व्हिसाचं त्रांगडं होऊन बसलं होतं आणि नागपूरला जाणं झालं नव्हतं. आता जानेवारीत, संक्रांतीला जायचं होतं. आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची साउंड सिस्टिम दरवर्षी सुहास लावायचा. मोठाले स्पीकर उचलायचे, तारा ओढायच्या. ताजं गोंदवल्यावर दोनतीन आठवडे हे असलं काही करता येत नाही. या वर्षी कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी त्याला म्हणाले, “दिवाळी होऊ दे ना सुहास. तुझ्याशिवाय मी कोणाला शोधू? डिसेंबर काय कुठे पळून जातोय?” त्याने फोनमधलं कॅलेंडर उघडून दिवस मोजले. मग म्हणाला, “ठीक आहे. डिसेंबरमध्ये केलं तरी जाईपर्यंत भरून येईल.” त्याने नोराला फोन करून तारीख बदलली. कार्यक्रम छान झाला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला, असं सगळे म्हणाले…

काकूंना, म्हणजे सुहासच्या आईंना, इकडे आणणं शक्य नव्हतं. पासपोर्टची मुदत संपलेली, वय चौऱ्याहत्तर. पार्थिव तिकडे पाठवायचं का, असं मंदारने विचारलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, “पेटीत नको. तिथेच करा. मला दाखवा फक्त.” अंत्यविधी करणाऱ्यांनी कपडे आणायला सांगितले म्हणून मी त्याच्या फ्लॅटवर गेले. बेसिनमध्ये चहाचा कप होता, गॅलरीत पायपुसणं वाळत होतं. कपाटात फुल शर्ट ओळीने टांगलेले होते, आणि खालच्या खणात तीन नवे शर्ट, लेबलसकट. तिन्ही हाफ बाह्यांचे. मी तिथेच जमिनीवर बसले. त्याने ते नागपूरला न्यायला आणले होते. आई समोर आल्यावर घालायला. मला त्या क्षणी असं वाटलं की निदान ही एक गोष्ट तरी मी त्याच्या मनासारखी करू शकते. मी त्यातला फिकट निळा शर्ट उचलला. मंदारला दाखवला. तोही म्हणाला, हाच.

आम्ही दोघांनीही एवढा साधा विचार केला नाही की हाफ बाही कुठपर्यंत येते.

अंत्यविधीच्या जागेतल्या त्या खोलीत मी गेले तेव्हा त्यांनी त्याला तयार करून ठेवलं होतं. दोन्ही हात पोटावर, डावा वर. बाही बरोबर कोपराशी संपत होती. जेवढं पूर्ण झालं होतं तेवढं सगळं आत झाकलं गेलं होतं, आणि बाहेर होता तो राहिलेला भाग. कोपरापासून मनगटापर्यंत, जसाच्या तसा. माझ्या लक्षात आलं तोवर मंदारने व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे काकूंच्या पुतण्याने, प्रफुल्लदादांनी, फोन धरला होता. काकू म्हणाल्या, “चेहरा दाखव.” मंदारने दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या, रडत नव्हत्या. मग फोन मंदारच्या हातात जरासा खाली झुकला. पलीकडून आवाज आला, “फुल बाह्यांचा नव्हता का गं एखादा?” मी धावले, बाही वर सारायला लागले. नव्या कापडाची बाही, आत जड झालेला हात, ती वर जाईना. मी ओरडत होते, “काकू, इथे बघा, एक मिनिट, इथे बघा…” बाही वर गेली. पट्टे दिसायला लागले. मी मान वर करून स्क्रीनकडे बघितलं तर तिथे छताचा पंखा दिसत होता. प्रफुल्लदादांचा आवाज आला, “काकू उठून आत गेल्या, ताई.”

डिसेंबरमध्ये ठरलेल्या तारखेला मी नोराकडे गेले. तारीख रद्द करायला फोन पुरला असता, पण गेले. तिला काहीच माहीत नव्हतं. सगळं तयार ठेवून ती सुहासची वाट बघत होती. मी सांगितल्यावर ती स्टुलावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग उठून तिने एक ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणली. कोपराखालच्या भागाचं चित्र. त्याच्या हातावरच्या मार्करच्या रेषांवर कागद लपेटून तिने ते उतरवून घेतलं होतं. “हे दुसऱ्या कोणाच्या हातावर बसणार नाही,” ती म्हणाली, “तू घेऊन जा.” घरी येऊन मी तो कागद टेबलावर पसरला. वर कुठलं, खाली कुठलं, मला कळेना. माझ्या हाताभोवती लपेटून बघितला. माझा हात बारीक आहे. कडा एकमेकींवर चढल्या आणि एकही रेघ दुसरीला जुळली नाही.

सुहास दर रविवारी सकाळी आईला फोन करायचा, तिकडे संध्याकाळ असताना. आता त्या वेळेला मी करते. काकू माझ्याशी जेवणाबद्दल बोलतात, दुधवाल्याबद्दल बोलतात. एका रविवारी त्यांनी अचानक विचारलं, “यावेळी आला की तुला एक गंमत दाखवतो, म्हणे तो. काय होती गं?” मी म्हणाले, मला नाही माहीत, काकू. खोटं बोलले. आठवडाभर झोप लागली नाही. मग संक्रांतीच्या दिवशी मी त्यांना त्याच्या दंडाचा फोटो पाठवला. उन्हाळ्यातला, आमच्या अंगणातला. खाली लिहिलं, ही गंमत. पुढच्या रविवारी त्या फोटोबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मीच विचारलं.

“तो फोटो ना…” त्या म्हणाल्या. “उघडला नाही गं मी. हाताचा आहे ना? बारीकसा दिसतो तिथे.”

“काकू, हातावर त्याने काढून घेतलंय. तुम्हाला बघता यावं म्हणून. तीन वर्षं लागली त्याला.”

“माझ्याच्यानं नाही होत.” मग जरा वेळाने, “काय काढलंय? सांग तू.”

मी सांगायचा प्रयत्न केला. काळे रुंद पट्टे आहेत, खांद्याकडून तिरके खाली येतात…

“कशाचे पट्टे?”

“कशाचेच नाहीत, काकू. नुसते.”

“कशासारखं दिसतं?”

मला सांगता येईना. मी म्हणाले, कशासारखंच दिसत नाही, पण व्रण दिसत नाही. सापडतच नाही. त्या ऐकत होत्या. पलीकडे कुकरची शिटी झाली, कोणीतरी गॅस बंद केला.

“आणि खाली?” त्यांनी विचारलं. “कोपराच्या खाली? त्या दिवशी तर तसंच होतं.”

“खालचं राहिलं होतं. डिसेंबरमध्ये करणार होता.”

“म्हणजे तेवढं राहिलंच,” त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरचं मी त्यांना सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण त्यांनी विचारलं, तुमच्याकडे थंडी किती आहे, आणि मी सांगितलं, फार नाही, सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठतं एवढंच. फोटो अजून त्यांच्या फोनमध्ये न उघडलेला आहे. मी आता त्यांना तो उघडायला सांगणार नाही.